आईच्या मैत्रिणी कुठे गेल्या?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माझ्या आईच्या मोबाईलवर एक निरोप आला. 'दहावी १९९८' अशा नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तिला कोणीतरी घेतले होते. आई त्या वेळी शंकरपाळ्यांचे पीठ मळत होती. पिठाच्या हातानेच तिने मला बोलावले, "बघ गं, आमच्या वर्गातली मुलं सापडली!" 'मुलं' ह्या शब्दात मुलीही येतात असे मी धरून चालले होते. पण यादी उघडून पाहिली तो काय, तिथे खरोखरच मुलेच होती. अडतीस नावांत बायकांची नावे चार. त्यांतली एक ग्रुप काढणाऱ्याची चुलतबहीण आणि दुसरीचा नवरा त्याच वर्गातला. वर्गात मुली किती होत्या, असे मी विचारले तेव्हा आई म्हणाली, "निम्म्या. जास्तच असतील, कमी नाहीत."

जानेवारीत ह्या मंडळींचा स्नेहमेळावा झाला. वर्गणी आठशे रुपये. आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. तिने चार रविवार जास्तीचे काम करून ती वर्गणी भरली, ठेवणीतली साडी काढली आणि गेली. रात्री परत आल्यावर मी उत्साहाने विचारले, "काय काय झालं?" ती म्हणाली, "जेवण छान होतं." बस्स, एवढेच. मग भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "माझी एकपण मैत्रीण नव्हती गं."

ह्या लेखाचा विषय एवढाच आहे. आईच्या मैत्रिणी कुठे गेल्या?

आजकाल जुन्या मित्रांना भेटण्याची मोठी लाट आली आहे. चाळिशी-पन्नाशीतली माणसे शाळेच्या बाकांवर बसून छायाचित्रे काढून घेतात, सरांना शाल-श्रीफळ देतात, घंटा वाजवतात. ह्यात मला काही वावगे दिसत नाही. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरून २०१३ साली 'दुनियादारी' चित्रपट आला, तेव्हापासून तर कट्टा आणि दोस्ती ह्यांना देवपण आल्यासारखे झाले. पण मित्रहो, ह्या सगळ्या भेटीगाठींची छायाचित्रे एकदा बारकाईने पाहा आणि त्यांत बायका मोजा. मी हा उद्योग माझ्या मामाच्या, काकांच्या आणि शेजारच्या काकांच्या मोबाईलवर केला आहे. तुम्हीही करून पाहा. हिशेब फार वेगळा येणार नाही.

ह्याची कारणे विचारली तर लोक चटकन सांगतात : बायकांना वेळ नसतो, घरून परवानगी नसते, संसार असतो. हे खरेच आहे. पण ह्याच्याही आधीचे एक कारण आहे, आणि ते इतके साधे आहे की कोणाच्या लक्षात येत नाही. बायका सापडतच नाहीत. ज्या नावाने त्या वर्गात 'हजर' म्हणत होत्या ते नावच कुठे उरलेले नसते.

मुलांचे पाहा. आईच्या वर्गातल्या मुलांची नावे हजेरीपटावर जशी होती तशीच आज मोबाईलवर आहेत, बापाच्या नावासकट. त्यांना शोधायला अक्कल लागत नाही. आईचे मात्र आडनाव बदलले, वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव आले आणि पहिले नावही बदलले. २००४ साली तिचे लग्न झाले तेव्हा ताटात तांदूळ पसरून माझ्या बाबांनी अंगठीने तिचे नवे नाव त्यात लिहिले. (बाबांचे अक्षर वाईट आहे. त्यांनी वेलांटी चुकीची काढली आणि सगळे हसले, असे आजी अजून सांगते.) म्हणजे आईच्या नावातला एकही शब्द जुना राहिला नाही. ती ग्रुपमध्ये आली ती तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, त्याच शाळेत होता म्हणून. त्याचे नाव शाबूत होते!

ह्यात नवे काही नाही. आमच्या मराठीच्या तासाला स्त्रियांच्या आत्मचरित्रांचा विषय निघाला तेव्हा मी हे वहीच्या समासात मांडून पाहिले होते. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली लिहिणाऱ्या रमाबाई रानडे माहेरी यमुना होत्या. आडनाव कुर्लेकर. (हे वाचून मी सुखावले होते, पण त्या आमच्या कुर्ल्याच्या नव्हेत, सांगलीकडच्या देवराष्ट्र्यांच्या.) आपल्या मध्य रेल्वेवरच्याच कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशीदेखील माहेरच्या यमुनाच. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक ह्या मनकर्णिका होत्या. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई ह्या मुळात गोदूबाई. इतक्या मोठ्या बायका म्हणून आपल्याला त्यांची दोन्ही नावे पाठ असतात, परीक्षेत विचारतात. पण परकर नेसून यमुनेबरोबर सागरगोटे खेळणारी जी कोणी पोर असेल, तिला पुढे वीस वर्षांनी 'रमाबाई रानडे' हे नाव कानावर पडल्यावर ही आपलीच यमू असे कळले असेल काय? हा प्रश्न कुठल्याही पेपरात येत नाही.

मग मागच्या काळी बायकांच्या मैत्रिणी कायमच्याच तुटत होत्या काय? मला वाटते, तशा तुटत नसाव्यात. ह्याचे उत्तर मला आजीने दिले. आजी साताऱ्याकडची. तिने सांगितले की लग्न झालेल्या मुली पंचमीला माहेरी येत. मुद्दा 'येत' ह्या शब्दात नाही, पंचमीत आहे. सगळ्याजणी एकाच वेळी येत. गावच्या वडाला झोके बांधलेले असत, आणि कोणाला निरोप धाडावा लागत नसे; झोक्यापाशी गेले की गडणी भेटायच्याच. जात्यावरच्या ओव्यांत माहेर, भाऊ आणि गडणी ही तीन माणसे, म्हणजे माहेरालाही मी माणूसच धरते, पुन्हा पुन्हा येतात ती उगाच नव्हे. हेमा रायरकर आणि गी पॉइतव्हाँ ह्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आहेत. नाव बदलले तरी चाले, कारण शोध नावाने घ्यायचाच नसे. दिवस ठरलेला होता आणि जागा ठरलेली होती.

पुरुषाला मित्र नावावर सापडतो. बाईला मैत्रीण पत्त्यावरच सापडते. माझे सगळे म्हणणे ह्या एका वाक्यात येते. आणि ज्या शहरात पत्तेच उरत नाहीत त्या शहरात बाईने काय करावे?

आता कुर्ल्याविषयी बोलते. आमचे कुर्ले काही देखणे उपनगर नव्हे. इथे पाहुणे येतात ते गाडी बदलायला. तरी ह्या गावाला इतिहास आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली विजेवर चालणारी पहिली गाडी बोरीबंदरहून निघाली ती हार्बर मार्गाने कुर्ल्यालाच आली. त्याआधी १८८६ साली जमशेटजी टाटांनी इथली धरमसी मिल विकत घेतली आणि तिचे नाव 'स्वदेशी' ठेवले. मालक बदलला की नाव बदलायचे, ही रीत गिरण्यांनाही चुकली नाही म्हणायची! पण धरमसी हे तिचे माहेरचे नाव अजून छापील इतिहासात सापडते. प्रीमियरच्या कारखान्यात तयार होणाऱ्या मोटारीचे नाव पद्मिनी झाले तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोपाचे लेख लिहिले. आग्रा रोडचा लालबहादूर शास्त्री मार्ग झाला, तरी म्हातारे रिक्षावाल्याला आग्रा रोडच सांगतात आणि रिक्षावाला बरोबर नेतो. मोटारीला, रस्त्याला, गिरणीला जुने नाव चिकटून राहते. बाईचे मात्र एका दिवसात धुऊन निघते.

पुरुषांच्या जागाही कुर्ल्यातून गेल्याच. स्वदेशीचे गेट गेले, प्रीमियरचे गेले. तिथे सुटी झाल्यावर घोळके उभे राहत, असे बाबा सांगतात. परंतु 'स्वदेशीवाले', 'प्रीमियरवाले' ही ओळख राहिली आणि नाक्यावरचा चहा राहिला. बायकांच्या जागा कुठल्या? सार्वजनिक नळ, चाळीची गॅलरी, गच्चीवरची वाळवणे, पिठाच्या गिरणीतली रांग. नळ घरात आला हे चांगलेच झाले. कोणी मला पुन्हा हंडा घेऊन रांगेत उभे राहायला सांगितले तर मी साफ नाही म्हणेन. पण नळाबरोबर नळावरची बैठकही गेली आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही, एवढे तरी नोंदवू या. नोकरी करणाऱ्या बायकांना लोकलचा डबा आहे. एकाच वेळच्या गाडीला वर्षानुवर्षे त्याच बायका, त्यांची हळदीकुंकवे, डोहाळजेवणेसुद्धा डब्यातच. माझ्या आईला तेही नाही. तिचे काम घरापासून चालत सात मिनिटांवर आहे.

आईचे माहेर कुर्ला पश्चिमेला, बैलबाजाराच्या बाजूला एका चाळीत तळमजल्यावर होते. मुंबई ७०. लग्न होऊन ती आली कुर्ला पूर्वेला, मुंबई २४. म्हणजे लग्न होऊन माझी आई फक्त रेल्वेचा पूल ओलांडून आली. परगावी नाही, परदेशी नाही. तरी तिच्या मैत्रिणी हरवल्या. तिची एक जिवलग मैत्रीण होती. तिचे नाव मी छापत नाही, कारण तिने परवानगी दिलेली नाही, आणि शिवाय कुठले नाव छापावे हाही प्रश्न आहेच. वर्गात तिला 'पेन्शील' म्हणत, ती इतकी बारीक होती. आपणही तेच म्हणू. पेन्शील दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत राहायची. दहावीला ती गणितात नापास झाली. आई पास झाली. पण मामाला पुढे शिकवायचे ठरल्यामुळे आईचे शिक्षण तिथेच थांबले. पेन्शीलचे लग्न लवकर झाले, तेही गावाला, आणि गाडीभाड्याचे पैसे नव्हते म्हणून आई त्या लग्नाला गेली नाही. ही गोष्ट तिच्या मनात इतकी वर्षे काट्यासारखी होती, हे मला ह्या वर्षी कळले.

मग २६ जुलै २००५ आला. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आमच्या कुर्ल्यात शिरली. आजीच्या खोलीत छातीएवढे पाणी होते. आईच्या माहेरच्या पेटीत शाळेचे वर्गाचे छायाचित्र आणि मैत्रिणींनी पत्ते लिहून दिलेली वही होती. दोन दिवसांनी पेटी उघडली तेव्हा वहीची पाने एकमेकांना चिकटून वीट झाली होती. माणसे वाचली होती, म्हणून वहीसाठी रडायची सोय नव्हती. पेन्शीलच्या आईवडिलांनी त्या पुरानंतर भाड्याची खोली सोडली आणि ती माणसे गावी गेली. पुढे आजीची चाळही पाडली. आजी काही वर्षे संक्रमण शिबिरात आणि मग त्याच जागेवरच्या नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर आली. लिफ्ट आहे, संडास घरात आहे, पाणी शिरण्याची भीती नाही. आजी सुखी आहे. मी चाळीचे गोडवे गाणाऱ्यांतली नाही. ते गाणारे बहुधा चाळीत राहत नसतात.

मेळाव्यानंतर आई गप्प गप्प असे. म्हणून मी म्हटले, आपण पेन्शीलला शोधू. मला वाटले होते, एका संध्याकाळचे काम आहे. मी तिचे माहेरचे नाव मोबाईलवर शोधले. त्या नावाच्या पुष्कळ मुली सापडल्या, सगळ्या माझ्या वयाच्या, म्हणजे अजून लग्न न झालेल्या! मग आम्ही शाळेत गेलो. कार्यालयातल्या बाई भल्या होत्या, त्यांनी रजिस्टर काढून पाहिले. त्यात १९९८ चे नाव होते आणि १९९८ चा पत्ता होता. ती खोलीही नाही आणि ते नावही नाही. बाई म्हणाल्या, "मुलींचं असंच असतं. मुलगे दाखल्यासाठी परत येतात, मुली येत नाहीत."

अखेरीस वाट सापडली ती पेन्शीलच्या भावाकडून. आईला त्याचे नाव आठवत होते आणि ते अर्थातच बदललेले नव्हते. मेळाव्यातल्या एका काकांनी दहा मिनिटांत सांगितले की तो स्टेशनबाहेर मोबाईलची कव्हरे विकतो. म्हणजे इतकी वर्षे आई महिन्यातून चार वेळा त्याच्यासमोरून जात होती. भाऊ म्हणाला, "ताई, तुम्ही? तिनं तुमचं नाव किती वेळा काढलं असेल." त्याने भाच्याचा नंबर दिला. नीट पाहा : एका बाईचा शोध लागला तो शाळेतल्या मुलाकडून, मग भावाकडून, मग मुलाच्या मोबाईलवर. सगळ्या साखळीत तिचे स्वतःचे नाव कुठेच कामी आले नाही.

हा लेख लिहिताना मी तो दोन प्राध्यापकांना दाखवला. एक सर म्हणाले की हा प्रश्न आता मिटत आला आहे. हल्लीच्या मुली नाव बदलत नाहीत आणि यंत्रे चेहऱ्यावरूनही माणूस ओळखतात. सरांचा आदर ठेवून मी म्हणते की आमच्या वर्गातल्या ज्या दोन मुलींची लग्ने ह्या वर्षात झाली, त्या दोघींनी आडनाव बदलले. कायद्याने ते बदलावेच लागते असे मुळीच नाही. पण हे सासरी सांगणार कोण? राज्य शासनाने २०२४ साली ठरवले की मुलांच्या नावानंतर आधी आईचे नाव आणि मग वडिलांचे नाव लागेल. फार चांगले झाले. पण आईचे कुठले नाव? माझ्या दाखल्यावर आईचे जे नाव आहे, त्या नावाची मुलगी तिच्या शाळेत कधी नव्हतीच.

दुसऱ्या बाईंनी मात्र मला अडचणीत टाकले. त्या म्हणाल्या, "सापडणं सगळ्यांना हवं असतं असं तू का धरतेस? काहीजणींना जुनं नाव, जुनं आडनाव, जुनी गल्ली मागे टाकूनच श्वास घेता आला असेल." ह्यावर माझ्याकडे पुरते उत्तर नाही. आमच्याच गल्लीतली एक मुलगी घर सोडून गेली आणि तिने लग्न केले. तिला शोधून काढणारे मैत्रीसाठी शोधत नव्हते. तेव्हा बाईंचे म्हणणे मी मान्य करते. फक्त एवढेच म्हणते की हरवायचे की नाही हे जिचे तिने ठरवावे. माझ्या आईने काही ठरवले नव्हते. तिला विचारलेच नव्हते.

ह्यावर आपल्यापुरते काही करण्यासारखे आहे. आपल्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाचा अर्ज मी पाहिला. त्यात 'पूर्ण नाव' असा एकच रकाना आहे. 'शिकत असतानाचे नाव' असा दुसरा रकाना घालायला एक ओळ लागेल, जास्त शाई लागणार नाही. ह्या वार्षिकातल्या छायाचित्रांखाली 'उभे, डावीकडून' म्हणून मुलांची नावे छापतात आणि मुलींची नावे 'कु.' लावून आद्याक्षरासह उरकतात, तेही थांबावे. पंचवीस वर्षांनी कोणाची तरी मुलगी हे पान उघडून नाव शोधील. आणि मैत्रिणींनो, आपण एकमेकींना मोबाईल नंबर देतो तसा आईच्या घरचा पत्ताही द्यावा, शक्य तर भावाचे नावही. हे लिहिताना मला लाज वाटते. पण अनुभव असा आहे.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दोघींची भेट ठरली. पेन्शील बदलापूरला राहते. भेटायचे कुठे? आई म्हणाली, "कुर्ल्यातच." कुर्ल्यात कुठे, हे ठरवायला पंधरा मिनिटे लागली, कारण दोघींना ठाऊक असलेली एकही जागा जागेवर नव्हती. शेवटी पश्चिमेला पुलाच्या पायऱ्यांपाशी ठरले. तिथे वांद्रे-कुर्ला संकुलाकडे जाणाऱ्या शेअर रिक्षांची ही झुंबड! आई अर्धा तास आधीच जाऊन उभी. बायका उतरत होत्या, शेकड्यांनी. आई प्रत्येकीकडे पाहायची आणि मान हलवायची. एक जाडशा बाई आमच्या शेजारीच बराच वेळ उभ्या होत्या, त्याही पायऱ्यांकडेच पाहत होत्या. मला शंका आली. मी आईला कोपराने ढोसले. आई म्हणाली, "छे गं, ती बारीक आहे." तेवढ्यात त्या बाई खोकल्या आणि आई वळली. सव्वीस-सत्तावीस वर्षांनी तिने खोकला ओळखला!

मला वाटले होते, दोघी गळ्यात पडून रडतील. तसे काही झाले नाही. दोघी एकमेकींकडे पाहून हसत सुटल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. काय बोलावे ते कळेना. आम्ही रस प्यायलो. गुडघ्यांविषयी बोलणे झाले, मुलांच्या फियांविषयी झाले. मावशी, मी आता त्यांना मावशी म्हणते, मला म्हणाल्या, "कॉलेजात जातेस? काय घेतलंस?" मी म्हटले, "मराठी." त्या म्हणाल्या, "गणित नाही ना? मग छान."

नंतर आम्ही आजीच्या इमारतीकडे चालत गेलो. फाटकाशी मावशी थबकल्या. म्हणाल्या, "इथं मी दोनदा येऊन गेले." आईला माहीतच नव्हते. पहिल्यांदा आल्या तेव्हा सगळीकडून पत्रे लावलेले होते आणि आत काही नव्हते. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा इमारत उभी होती, फाटकावर रखवालदार होता. त्याने विचारले, कोणाकडे जायचे, कितवा मजला, खोली नंबर काय? त्यांना ह्यातले काही सांगता येईना. त्यांना आईचे माहेरचे नाव ठाऊक होते आणि 'नळाच्या बाजूची खोली' ठाऊक होती. रखवालदार म्हणाला, इथे नळ नाही. तेव्हा आजी सहाव्या मजल्यावर घरातच होती. त्या दिवशी मावशी फाटकाबाहेर थोडा वेळ उभ्या राहून बदलापूरला परत गेल्या. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी तुझ्या लग्नाला आले नाही." मावशी म्हणाल्या, "अगं, त्या लग्नात बघण्यासारखं काय होतं!"

आजीने मावशींना ओळखले नाही. मग ओळखले, आणि बारीक का झालीस असे विचारले. आजीला मोतीबिंदू आहे.

मावशींना साडेचारची गाडी पकडायची होती, संध्याकाळी घरी पाणी येते म्हणून. पायऱ्यांपाशी आईने मला त्यांचा नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये घालायला सांगितले. मी विचारले, "नाव काय घालू? सासरचं की माहेरचं?" दोघींनी एकमेकींकडे पाहिले. आई म्हणाली, "पेन्शील घाल." मी घातले. मावशी म्हणाल्या, "पण बाळा, तो मोबाईल माझ्या मुलाचा आहे. तो कामावरून सातनंतर येतो, तेव्हाच करायला सांग तुझ्या आईला." म्हणून मी नावापुढे 'सातनंतर' असेही घातले.